ताकदीच्या गोळ्या

शेलूबाजारच्या स्टँडवरून सकाळची पहिली जीप निघायची ती बदरुद्दीनची. फजरची नमाज आटोपली की तो चहाच्या टपरीसमोर गाडी आणून लावी आणि "मंगरूळ, मंगरूळ" असा पुकारा करी. पुकाऱ्याची तशी काही गरज नव्हती, कारण बसणारी माणसं ठरलेली असत. पुढच्या सीटवर दाराशी दुर्गाबाई आणि टपावर तिची भाजीची गाठोडी. मधल्या सीटवर खिडकीपाशी गोपीचंद. तो मंगरूळपीरच्या तहसीलसमोर लोकांचे अर्ज लिहून द्यायचा. मागे शाळेच्या मास्तरीणबाई, दवाखान्यात निघालेले, कोर्टाच्या तारखेवाले. जीप जुनी होती, पण तिला ढकलायला आजवर एकाही सवारीला खाली उतरावं लागलं नव्हतं, आणि याचा बदरुद्दीनला मोठा अभिमान होता.

पन्नाशी ओलांडली तरी गडी दणकट होता. म्हणून दिवाळीनंतर खोकला लागला तेव्हा त्यानं तो रस्त्याच्या धुळीवर ढकलून दिला. हिवाळा सरत आला, पण खोकला काही सरेना. संध्याकाळी अंग कणकणू लागलं, सदरा खांद्यावरून घसरू लागला. एक दिवस त्याच्या बायकोनं, कमरुन्निसानं, त्याच्या पँटचा पट्टा त्याच्यापुढे धरला.

"हे काय हाय?"

"पट्टा हाय."

"ते मले दिसते. हे नवं भोक कायले पाडलं?"

कमरुन्निसानं पट्टा खुंटीला लावला आणि म्हणाली, "उद्या आपण दवाखान्यात जातो." ती विचारत नव्हती, सांगत होती.

सरकारी दवाखान्यात बेडका तपासला, छातीचा फोटो काढला. टीबी निघाला. डॉक्टर म्हणाले, घाबरायचं कारण नाही, सहा महिने रोज गोळ्या खा, ठणठणीत व्हाल. सुरुवातीचे काही आठवडे गाडीवर जाऊ नका, तोंडाला रुमाल बांधा, घरच्यांचीही तपासणी करून घ्या. घरचे म्हणजे कमरुन्निसा आणि कॉलेजात शिकणारी मुलगी नमरा. दोघींनाही काही निघालं नाही तेव्हा कुठे बदरुद्दीनच्या जिवात जीव आला.

गोळ्या घेऊन वैष्णवी घरी आली. टीबीच्या पेशंटकडे लक्ष ठेवायचं काम तिच्याकडे होतं. मुलगी वयानं लहान, पण बोलायला स्पष्ट.

"चाचा, ह्या गोळ्या रोज कोणाच्या तरी समोर घ्यायच्या. आशाताई येऊ शकते. शेजारचं कोणी चालते, घरचं माणूसही चालते. कोण पाहीन तेवढं सांगा, मी नाव लिहून घेते."

बदरुद्दीन उखडलाच. "मी काय लहान लेकरू हाओ का? माणूस आपल्या जिवासाठी दवा खाते. त्याच्यावर पहारा कायले पाहिजे? अन् रोज आशाताई दारात आली तं साऱ्या मोहल्ल्याले समजन. मंग माह्या गाडीत कोण बसन?"

"पहिल्या महिन्यात कोणीच विसरत नाही, चाचा," वैष्णवी म्हणाली. "तेव्हा माणूस घाबरलेला असते. बरं वाटाले लागलं का विसरते."

"मी नाही विसरत."

शेवटी कमरुन्निसाचं नाव लिहिलं गेलं. गोळ्यांच्या पट्ट्या घरच्या कपाटात गेल्या. स्टँडवर सांगायला एक खोटंही तयार झालं. बदरुद्दीनची कंबर धरली आहे, तोवर त्याचा पुतण्या जुनैद गाडी चालवील.

पहिल्याच दिवशी मोठा गोंधळ झाला. गोळ्या घेऊन तासाभरानं बदरुद्दीन मोरीतून ओरडतच बाहेर आला. लघवी लालभडक झाली होती. झालं, आता आपलं काही खरं नाही म्हणून त्यानं कमरुन्निसाला जवळ बसवलं आणि गाडी जुनैदला द्यायची, नमराचं शिक्षण थांबवायचं नाही वगैरे निरवानिरव सुरू केली. नमरानं वैष्णवीला फोन लावला. पलीकडून वैष्णवी हसत म्हणाली, "गोळीचा रंग आहे तो. मी सांगत होते तेव्हा चाचा माझ्याशी भांडत होते ना!"

दोन महिने सगळं सुरळीत चाललं. सकाळी कमरुन्निसा तळहातावर गोळ्या ठेवायची, पाण्याचा गिलास द्यायची आणि घोट खाली उतरेपर्यंत समोरून हलायची नाही. खोकला पळाला. वजन वाढलं. पट्टा जुन्या भोकावर परत आला. डॉक्टरांनी पुन्हा बेडका तपासला, तो स्वच्छ निघाला, आणि त्यांनी गाडीवर जायला परवानगी दिली. मात्र जाताना बजावलं, "गोळ्या बंद करायच्या नाहीत. आता चार महिने राहिले."

बदरुद्दीन स्टँडवर परतला आणि इथूनच गडबड सुरू झाली. उपाशीपोटी गोळ्या घेतल्या की त्याला मळमळायचं आणि घाटाच्या वळणावर मळमळ म्हणजे फजिती. "मी स्टँडवर चहाच्या पहिले घेईन," म्हणून त्यानं पट्टी कमरुन्निसाच्या हातून घेतली आणि गाडीच्या पुढच्या खणात टाकली. आठवडाभर घेतल्याही. मग लग्नसराई आली. पहाटे वऱ्हाड न्यायचं, दुपारी परत आणायचं. एक दिवस राहिलं, मग दोन दिवस. संध्याकाळी कमरुन्निसा विचारायची, "घेतल्या?" तो म्हणायचा, "घेतल्या." सुरुवातीला हे म्हणताना जीभ अडखळायची. नंतर अडखळेनाशी झाली. भाकरी गोड लागत होती, झोप लागत होती, खोकल्याचं नाव नव्हतं. मग गोळ्या कशाला?

एका सकाळी शेलूबाजार सोडल्यावर रस्त्यात म्हैस आडवी आली. बदरुद्दीननं ब्रेक मारला. खणाचं झाकण उघडलं आणि आतलं सगळं दुर्गाबाईच्या मांडीत सांडलं. पाना, पुसायचं फडकं, अगरबत्तीचा पुडा आणि गोळ्यांच्या चार पट्ट्या, भरलेल्या.

दुर्गाबाईनं एक पट्टी उचलली, उलटीपालटी करून पाहिली आणि खणात परत ठेवली. तोंडातून शब्द काढला नाही. हे भयंकरच होतं, कारण दुर्गाबाई बोलली नाही असं शेलूबाजारात कोणी पाहिलं नव्हतं. तिचा आवाज असा की भाजी मंगरूळपीरच्या बाजारात विकायची आणि भाव मालेगावला ऐकू जायचा.

मंगरूळपीर आलं. माणसं उतरली. आता क्लीनर म्हणून सोबत येणाऱ्या जुनैदनं टपावरची गाठोडी खाली दिली. दुर्गाबाई मात्र सीटवरून हलली नाही.

"बदरू, ह्या गोळ्या मी वळखतो," ती म्हणाली. जन्मात पहिल्यांदा ती हळू बोलत होती. "अन् त्या भरल्या हायेत."

बदरुद्दीननं हात जोडले. "दुर्गाबाई, कोनाले सांगू नको. तुह्या पाया पडतो."

"पाया माह्या नोको पडू. माह्या घरच्या माणसाले पाह्यलं ना तू?"

पाहिलं होतं. जानराव, तिचा नवरा. मळ्यात वाफे करायचा, सगळ्यांकडे पाहून हसायचा, पण त्याच्याशी बोलायचं तर कानाशी जाऊन ओरडावं लागे.

"त्यालेही हाच रोग झाला होता," दुर्गाबाई सांगू लागली. "दवाखान्यातून महिन्याच्या गोळ्या एकदम घेऊन ये. दोन महिन्यात गडी चांगला झाला, कापूस वेचाले लागला. मी रोज सांजच्याले इचारो, घेतल्या का? तो म्हणे, घेतल्या. मी इचारलं, बदरू. पाह्यलं नाही. साऱ्या गोळ्या गोठ्याच्या आढ्यात खोचून ठेवल्या होत्या त्यानं. मंग रोग असा उलटला का साध्या गोळ्या कामच करेना. महिनोन् महिने इंजेक्शनं टोचली. जीव वाचला, पण त्या इंजेक्शनानं कान गेले. माहा आवाज लोक म्हणतेत मोठा हाय. लग्नात नव्हता असा. त्याच्यासाठी झाला."

बदरुद्दीननं खणातून चारही पट्ट्या बाहेर काढल्या. कमरुन्निसाचं ते संध्याकाळचं "घेतल्या?" त्याच्या कानात वाजत होतं.

"चाल," दुर्गाबाई म्हणाली.

"कुठी?"

"दवाखान्यात. माही भाजी पडली राहू दे घंटाभर. वांगे काही पळून नाही जात."

डॉक्टरांच्या कपाळावरची आठीच बदरुद्दीनला पुरली. बेडका पुन्हा तपासायला गेला, आणि गोळ्या अजून काम करतात की नाही हेही पाहायचं ठरलं. निकाल येईस्तोवर गाडी बंद. त्या संध्याकाळी त्यानं कमरुन्निसाला सगळं खरं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, उठली आणि दोन दिवस त्याच्याशी बोललीच नाही. जेवायला वाढायची, पण ताट जरा जोरात ठेवायची. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मी नुसती इचारत राह्यली. माहीही अक्कल चराले गेल्ती."

निकाल चांगला आला. रोग उलटला नव्हता, गोळ्या काम करत होत्या. चुकलेल्या दिवसांची भर घालून डॉक्टरांनी मुदत वाढवून दिली. वैष्णवीनं विचारलं, "आता कोणाच्या समोर घेणार, चाचा?"

बदरुद्दीन बोलायच्या आत दाराशी उभी असलेली दुर्गाबाई म्हणाली, "लिही माहं नाव. मी याच्या अगोदर स्टँडवर येतो. इतवार असो का सण, माही भाजी काही सुट्टी घेत नाही."

दुसऱ्या दिवसापासून पट्ट्या दुर्गाबाईच्या कापडी पिशवीत राहू लागल्या, कोथिंबिरीच्या जुड्यांशेजारी. स्टँडवर माणसं जमायच्या आत ती पुढच्या सीटवर चढून बसे, गोळ्या काढून देई, बाटलीचं बूच उघडे. बदरुद्दीननं गोळ्या गिळल्या की हुकूम सुटे, "आ कर." तो आ करी. "जीभ वर कर." तो जीभ वर करी. बैलाचे दात तपासावे तशी ती तोंडात वाकून पाही आणि मग पिशवीतून एक उकडलेलं रताळं काढून त्याच्या हातावर ठेवी. रताळ्यानं मळमळ थांबते असं तिचं म्हणणं होतं. वैद्यकशास्त्रात याला आधार असो की नसो, बदरुद्दीनची मळमळ थांबली हे खरं.

पण एक दिवस गोपीचंद लवकर आला. खिडकीतून त्यानं नेमकं "आ कर" पाहिलं.

"कायच्या गोळ्या ओ ह्या, दुर्गाबाई?"

दुर्गाबाईनं डोळ्याची पापणी लवू न देता ठोकून दिलं, "ताकदीच्या हायेत."

"ताकदीच्या? याले?"

"मंग? गाडी हाकाले ताकद नाही लागत?"

गोपीचंद हसला आणि आपल्या जागेवर बसला. अर्ज लिहिणाऱ्या माणसाला दोन ओळींच्या हकिकतीचं पानभर कसं करायचं हे चांगलं ठाऊक असतं. टपरीवर त्यानं एवढंच सांगितलं की बदरुद्दीन ताकदीच्या गोळ्या खातो. टपरीवरून निघताना त्यात भर पडली की चोरून खातो. दुपारपर्यंत लोकांच्या लक्षात आलं की त्याचं अंगही भरलंय, दाढीही नीट कापलेली असते. या वयात माणूस ताकद कशाला कमावतो? आठवडी बाजाराच्या दिवशी बातमी पक्की झाली, की बदरुद्दीन दुसरा निकाह करतोय. मुलगी कुठली यावर मात्र एकमत नव्हतं. कोणी रिसोडची म्हणे, कोणी जऊळक्याची.

बदरुद्दीनला याचा पत्ताच नव्हता. त्याला एवढंच दिसत होतं की स्टँडवरची पोरं आपल्याकडे जरा आदरानं पाहू लागली आहेत. दोघांनी तर गोळ्यांचं नावही विचारून पाहिलं.

जुम्म्याच्या दुपारी नमाजहून तो घरी आला तर दारात मोटरसायकल. कारंज्याहून त्याचा साळा अशफाक आला होता, आणि पायातले बूटही न काढता अंगणात उभा होता. अशफाक रागावला की हिंदीवर यायचा.

"दूल्हेभाई, ये क्या सुन रहा मैं? शरम नहीं आई? घर में जवान बेटी है!"

"काय झालं बाप्पा?"

"निकाह कर रहे ना तुम? वो भी गोलियाँ खा-खा के!"

बदरुद्दीनचं तोंड उघडंच राहिलं. स्वयंपाकघराच्या दारात कमरुन्निसा पिठाच्या हातानं उभी होती. तिनं आधी भावाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, मग नवऱ्याच्या त्या उघड्या तोंडाकडे, आणि तिला जे हसू फुटलं ते आवरेना. चौकटीला धरून ती खाली बसली. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. पीठ साऱ्या तोंडाला लागलं.

"अजी, कोण हाय ती?" ती धापा टाकत म्हणाली. "मले तं दाखवा. रोज तोंड उघडून पाहते तीच का?"

अशफाकला काही समजेना. बहिणीच्या डोक्यावर परिणाम झाला असं त्याला वाटलं. शेवटी नमरानंच त्याला पाणी दिलं आणि खरी गोष्ट सांगितली. टीबी हा शब्द ऐकताच अशफाकनं आपली खुर्ची हळूच मागे सरकवली. मग बहिणीची नजर पडली तशी ओशाळून पुन्हा पुढे घेतली.

तो गेल्यावर कमरुन्निसा तोंड धुऊन आली. आता ती हसत नव्हती.

"तुमी दुसरी बायको करून राह्यले, हे गावानं म्हटलं तं तुमाले चालते. बीमारीचं नाव घेतलं तं नाही चालत. माहं काय व्हते याच्यात, इचार केला कधी? बाजारात बाया माह्याकडे पाहून कुजबुज करतेत."

"सवाऱ्या तुटतीन, कमरू."

"तुटू द्या. दोन रोट्या कमी खाऊ. पण मी सवतीचं तोंड न पाहता सवतीचा जाच नाही भोगणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी भरली. बदरुद्दीन किल्ली फिरवायची सोडून मागे वळला.

"एक गोष्ट सांगाची हाय."

"सांग, सांग," गोपीचंद म्हणाला. "तारीख कोणती धरली?"

मागच्या सीटवर खसखस पिकली. बदरुद्दीननं ती ओसरू दिली.

"निकाह नाही, बाप्पा. मले टीबी झाला. हिवाळ्यापासून हाय. ह्या गोळ्या त्याच्याच हायेत."

हसू जागच्या जागी विझलं. मास्तरीणबाईंनी पदर नाकाला लावला. कोणीतरी खिडकीची काच पार खाली केली. गोपीचंद उभा राहिला, बॅग छातीशी धरली आणि म्हणाला, "माहा चष्मा घरी राह्यला वाटते." चष्मा त्याच्या नाकावरच होता. तो उतरला. त्याच्या मागे आणखी तिघं उतरले.

तेव्हा दुर्गाबाई खाली उतरली. इतके दिवस कोंडून ठेवलेला आवाज तिनं असा मोकळा सोडला की टपरीवरच्या कपबशा थरथरल्या.

"ऐका रे! याचा बेडका तपासला, दोनदा तपासला, त्याच्यात काही नाही! गोळ्या चालू हायेत तं याच्यापासून कोनाले काही व्हत नाही, डॉक्टरनं मले सोताले सांगतलं! मी रोज याच्या तोंडात मुंडकं घालून पाहतो, मले काही झालं का? ज्याले खोकला हाय अन् जो दवाखान्यात जात नाही, त्याच्यापासून पळा! तुमच्यातच कोणी असन तं पाहा पहिले!"

चार माणसं घेऊन जीप निघाली. त्यात कॉलेजला निघालेली नमरा आणि एक परगावचा म्हातारा, ज्याला काहीच ऐकू गेलं नव्हतं. बदरुद्दीनला वाईट वाटायला हवं होतं. पण वळणावळणानं गाडी चालवताना त्याच्या ध्यानात आलं की आज छाती कशी मोकळी वाटतेय. तो गुणगुणू लागला. नमरानं चमकून बापाकडे पाहिलं. तिनं त्याला गाणं म्हणताना कधी ऐकलं नव्हतं, आणि त्याचं कारण दोन ओळींतच तिला समजलं.

आठेक दिवस गाडी अर्धी रिकामी धावली. मग मास्तरीणबाई आल्या. शाळेत त्यांनी टीबीवरचा धडाच शिकवला होता म्हणे, आणि तो शिकवताना आपलीच आपल्याला लाज वाटली. हळूहळू बाकीचेही आले. गोपीचंद सगळ्यांत शेवटी. दुसऱ्या जीपमध्ये त्याला स्टेपनीवर बसावं लागत होतं आणि शेजारी एक बोकड असायचा. एका सकाळी तो आपल्या जुन्या खिडकीपाशी येऊन बसला, जणू काही झालंच नाही. मंगरूळपीरला मात्र उतरायची घाई केली नाही.

"बदरूभाऊ," तो खाली पाहून म्हणाला, "माही घरवाली, विमल, लय दिवसाची खोकलून राह्यली. मी तिले म्हणतो, धूळ हाय."

"माहीही धूळच होती," बदरुद्दीन म्हणाला. "उद्या घेऊन ये तिले. पुढच्या सीटवर बसव."

विमलबाईंना टीबी निघाला नाही. चुलीच्या धुरानं धरलेला दमा निघाला. गोपीचंदला इतका आनंद झाला की त्यानं साऱ्या गाडीला पेढे वाटले. दमा झाला म्हणून पेढे वाटणारा माणूस तहसीलीत पहिलाच असेल. वर त्याच आठवड्यात घरी गॅसही आणला.

पावसाळ्यात दुर्गाबाईची पोरगी बाळंतपणाला टेकली. तिचं सासर जऊळक्याला आणि सासू खाटेवर, म्हणून दुर्गाबाईलाच जावं लागलं. निघताना तिनं पट्ट्या कमरुन्निसाच्या स्वाधीन करायला हव्या होत्या, पण आपला पहारा दुसऱ्याकडे द्यायला तिचा जीव होईना. बदरुद्दीनच्याच हातात देत म्हणाली, "रोज सकाळी फोन करीन. फोन कानाशी धरून गिळाचं. घोटाचा आवाज आला पाहिजे मले."

तसंच चाललं. सकाळी फोन वाजे, बदरुद्दीन तो गळ्याशी लावी आणि घटाघट पाणी पिई. "आला का आवाज?" "आला. पण तो नुसत्या पाण्याचा हाय. गोळीचा येऊ दे." दोन्ही आवाजांत काय फरक असतो हे दुर्गाबाईलाच माहीत.

एका सकाळी फोन आलाच नाही. गाडी भरली. बदरुद्दीन तळहातावर गोळ्या घेऊन वाट पाहत राहिला. लावला तर पलीकडून कोणी उचलेना. आजच्या दिवस राहिल्या तर कोणाला कळणार होतं? हा विचार मनात आला आणि त्याचा त्यालाच राग आला. त्यानं गोळ्या तोंडात टाकल्या, पाणी प्यायला आणि किल्ली फिरवणार तोच मागून गोपीचंद ओरडला, "आ कर!" मास्तरीणबाई म्हणाल्या, "जीभ वर!" आणि साऱ्या गाडीचं समाधान होईपर्यंत बदरुद्दीनला तोंड उघडून मागे वळावं लागलं.

दुपारी फोन आला. पलीकडे लहान लेकराच्या रडण्याचा आवाज होता.

"बदरू, पहिले सांग, गोळ्या घेतल्या?"

"घेतल्या. सारी गाडी गवाह हाय. पोरगं झालं का पोरगी?"

"पोरगी झाली," दुर्गाबाई म्हणाली, आणि मग तिचा नेहमीचा आवाज फुटला. "आवाज ऐकला का तिचा? माह्यावर गेली!"

पोळा होऊन गेल्यावर गोळ्या संपल्या. शेवटची तपासणी झाली. बेडका स्वच्छ, छाती स्वच्छ. वैष्णवीनं "बरे झाले" असं लिहून सही केली आणि म्हणाली, "चाचा, आता एक काम माझं. कोणी नवीन पेशंट अडून बसला तर त्याला तुमच्या गाडीत बसवून देत जाईन."

"बसव," बदरुद्दीन म्हणाला. "पण तो भांडखोर पाहिजे. सीधा माणूस मले नाही जमाचा."

त्या जुम्म्याला कमरुन्निसानं दुर्गाबाईला आणि जानरावला जेवायला बोलावलं. दुर्गाबाई माळकरी, म्हणून नवी भांडी काढली, गोवऱ्यांवर रोडगे भाजले, वांग्याची भाजी केली. अशफाकही कारंज्याहून मिठाई घेऊन आला आणि सगळ्यांच्या अगदी जवळ खुर्ची ओढून बसला. दुर्गाबाईनं जेवता जेवता विचारलं, "अन् ती रिसोडची नवरी कुठी हाय?" त्यावर कमरुन्निसा पुन्हा एवढी हसली की वाढायचं काम नमराला घ्यावं लागलं. जानरावाला काहीच ऐकू येत नव्हतं. पण सगळे हसत होते म्हणून तोही हसत होता, आणि चौथा रोडगा चुरत होता.

उन्हं उतरल्यावर बदरुद्दीन दोघांना मळ्यात सोडायला निघाला. जानरावाला त्यानं पुढे बसवलं. दुर्गाबाई आज मागे. गाव सुटलं तसा जानराव गाडीच्या एकेक वस्तूकडे पोरासारखा पाहू लागला. मग हॉर्नकडे बोट दाखवून त्यानं भुवया उंचावल्या. दाबू?

बदरुद्दीननं मान डोलावली.

जानरावानं हात लांब करून हॉर्न दाबला. जीपचा हॉर्न म्हणजे ट्रकचा काढून बसवलेला, लांबून म्हशी बाजूला व्हाव्यात असा. जानराव दचकला. मग त्याचा सारा चेहरा उजळला.

"ऐकू येते!" तो बायकोकडे वळून म्हणाला. "दुर्गे, हे ऐकू येते मले!"

"मंग वाजव," दुर्गाबाई म्हणाली. तिचा आवाज जरा भरून आला होता, पण हॉर्नपुढे तो कोणाला कळला नाही.

रस्त्यावर ना म्हैस होती ना माणूस. दोन्हीकडे सोयाबीन पिवळं पडायला लागलं होतं. बदरुद्दीननं गाडीचा वेग कमी केला, म्हणजे वाट जरा जास्त वेळ पुरेल, आणि मळा येईपर्यंत जानराव हॉर्न वाजवत राहिला.